चौदाव्या ओळीखाली

पुस्तक आले ते भडगावच्या गाडीने. तालुक्यांच्या बातमीदारांची पाकिटे एसटीचे कंडक्टर घेऊन येत, आणि जळगावच्या त्या दैनिकाचा शिपाई सकाळी अकराला स्टँडवर जाऊन ती गोळा करी. १९९४च्या मार्चमधल्या एका मंगळवारी त्या पाकिटांत खाकी कागदाचे, सुतळीने आवळलेले एक पुडके निघाले. वर निळ्या शाईत लिहिले होते : श्री. रुपचंद बऱ्हाटे यांच्याच हाती द्यावे.

बऱ्हाटे रविवारची पुरवणी पाहत. वय छप्पन्न, नोकरी तीस वर्षांची. लग्न केले नाही. का केले नाही हे विचारणारी माणसे एकेक करून गेली, तसा तो प्रश्नही मिटला. दोन्ही वेळचे जेवण झुंबरबाईंच्या खानावळीत, भिंतीकडे तोंड करून. ऑफिसात त्यांचा दरारा होता तो अचूकपणाचा. तारीख, आडनाव, आकडा यांत त्यांच्या हातून चूक गेली असे कोणाला आठवत नव्हते. नव्या पोरांना ते एकच धडा देत : मोठे वर, बारीक खाली, जागा कमी पडली की खालून कापायचे.

पुडक्यात पुना उखर्डू महाजन यांचे पुस्तक होते. हे महाजन पाटबंधारे खात्यात पाटकरी, म्हणजे कालव्याचे पाणी पाळीने शेतांना सोडणारा माणूस. १९८२ ते १९९३ अशी अकरा वर्षे ते दर गुरुवारी दैनिकात एक छोटे टिपण लिहीत. सदराचे नाव ‘पाटावरून’, पुस्तकाचेही तेच. चाळीसगावच्या एका छापखान्यात छापलेले, निवडक दोनशे चाळीस टिपणे, साधे निळे वेष्टन. आत एक चिठ्ठी होती.

“प्रकाशन वगैरे काही करायचं नाही. तुम्ही एवढंच लिहा, की हे वाचण्याजोगं आहे की नाही. खरं लिहा. गावातली माणसं तोंडावर चांगलंच म्हणतात. सगळं वाचलेले तुम्ही एकटेच आहात.”

चिठ्ठीत बऱ्हाट्यांना वावगे काही दिसले नाही. सदर त्यांच्याच टेबलावरून जाई, तेव्हा सगळे वाचलेला माणूस म्हणजे आपण, हे सरळच होते. पुना महाजनांना त्यांनी एकदाच पाहिले होते, सदर सुरू होताना.

सदरांच्या पुस्तकांविषयी त्यांचे मत ठाम होते आणि ऑफिसात सगळ्यांना पाठ होते. वर्तमानपत्रातले लिहिणे म्हणजे भरीत. ज्या दिवशी केले त्या दिवशी खावे, दुसऱ्या दिवशी त्याला वास सुटतो, आणि पुठ्ठा बांधून तो वास जात नाही. अशी पुस्तके वर्षाला दहा-बारा येत. प्राचार्यांची, वकिलांची, एकदा एका दंतवैद्याचेही. त्यांच्यासाठी बऱ्हाट्यांची पद्धत ठरलेली होती : प्रस्तावना वाचायची, मधले एक पान, शेवटचे एक पान, आणि ‘साभार पोच’मध्ये आठ ओळी. पुस्तक उघडण्याआधीच चार ओळी त्यांनी कागदावर उतरवल्या. छपाई स्वच्छ आहे, हेही लिहून टाकले. मग प्रस्तावना काढली.

ती अर्ध्या पानाची होती. “मी सरकारी माणूस,” पुना महाजनांनी लिहिले होते, “कार्बन ठेवल्याशिवाय कागद पुढे पाठवला नाही. त्यामुळे सगळं जपून राहिलं. प्रत्येक टिपणाच्या मध्ये एक रेघ दिसेल. रेघेच्या वरचं पेपरात छापून आलं आहे. रेघेखालचं आजवर एकाच माणसाने वाचलं आहे. त्यांना ते पुन्हा वाचावं लागेल, त्याबद्दल क्षमा असावी.”

बऱ्हाट्यांनी ते दोनदा वाचले. मग त्यांनी हातातले पेन खाली ठेवले.

गोष्ट अशी होती. ‘पाटावरून’ला एका कॉलमात बावीस ओळींची जागा होती. पुना महाजनांच्या मोठ्या, सुट्या अक्षरातल्या चौदा ओळींच्या छापील बावीस होत. हे बऱ्हाट्यांनी पहिल्या महिन्यातच ताडले, आणि तेव्हापासून कागद हातात आला की वरून चौदा ओळी बोटाने मोजायच्या, तिथे लाल रेघ मारायची, आणि कागद छगन फोरमनकडे कंपोझिंगला पाठवायचा, असे चालू झाले. वरचा मजकूर ते वाचत, शुद्धलेखन नीट करत. रेघेखालचा मजकूर छापायचाच नाही, तर वाचायचा कशाला? पुढे पुढे तर पुना महाजनांचे वाक्य नेमके चौदाव्या ओळीला संपू लागले. लेखक तयार झाला, असे बऱ्हाट्यांनी तेव्हा मनाशी म्हटलेही होते. फक्त एक खटके. चौदा ओळींच्या खाली हा माणूस आणखी आठ-दहा ओळी लिहायचे काही सोडत नसे. म्हणून १९८३मध्ये त्यांनी एक पोस्टकार्ड टाकले होते : मजकूर चौदा ओळीच पाठवावा.

त्या कार्डाचे उत्तर आता पान तेवीसवर, रेघेखाली छापलेले होते.

“भाऊ, तुमचं कार्ड मिळालं. चौदाच्या खालचं छापण्यासाठी नाही. ते तुमच्यासाठी आहे. तुम्ही कापता म्हणजे आधी वाचत असणार. इथे पाटावर दिवसभर पाणी आणि मी. पाण्याशी बोलून बोलून कंटाळा आला. त्रास होत असेल तर कळवा, बंद करीन.”

त्यांनी काही कळवले नव्हते. त्यामुळे ते बंद झाले नव्हते.

त्या दिवशी ‘साभार पोच’ गेली ती दुसऱ्याच दोन पुस्तकांची. ‘पाटावरून’ बऱ्हाट्यांनी पिशवीत घातले आणि पुढचे चार दिवस ते वाचले. सकाळी खोलीवर, दुपारी खानावळीतून परतल्यावर पुरवणीच्या टेबलावर. आयुष्यात त्यांनी इतक्या सावकाश काही वाचले नव्हते. रेघेच्या वर ओळखीचे होते : पाळीवरून झालेली भांडणे, पाटाच्या चारीत वाहून आलेले शेळीचे करडू, केळीच्या बागेत शिरलेला नाग, रात्री चोरून पाटाचा दरवाजा उचलणारे बागाईतदार. ते ठीक होते. भरीत होते. रेघेखाली एक माणूस राहत होता.

“कळण्याची भाकर आणि ठेचा झाला आज. तुमच्या खानावळीत कळण्याची देतात का? कंडक्टर सांगत होता, तुम्ही एकटेच असता.”

“भागाबाईला उजव्या कानाने ऐकू येईनासं झालं. आता मी तिच्या डाव्या अंगाला बसतो. पंचवीस वर्षं उजव्या अंगाला बसत होतो. डावीकडून घर वेगळंच दिसतं. आपल्या घराला कोनाडा आहे, हे मला माहीतच नव्हतं म्हणा ना.”

“तुम्हाला राग येत नाही का कधी? मी दोनदा मुद्दाम चुकीचं लिहून पाठवलं. दोन्ही वेळा तुम्ही वर दुरुस्त केलंत, खाली काही बोलला नाहीत. शांत माणूस आहात.”

प्रश्न होते, खूप प्रश्न होते. बऱ्हाट्यांनी सवयीने पेन्सिलीने खुणा करायला सुरुवात केली आणि पन्नासाव्या प्रश्नानंतर थांबवली. एकाही प्रश्नाला उत्तर मागितलेले नव्हते. विचारायचे, आणि पुढे जायचे. जणू समोरचा मान हलवतो आहे.

फक्त एकदा मागितले होते. फेब्रुवारी १९८७, पान एकशे बारा.

“भागाबाई गेली. सोमवारी. दहावं व्हायचंय. घर माणसांनी भरलंय, पोरगा सुरतेहून आलाय, पण ऐकणारी होती ती गेली. तिला ऐकू येत नव्हतं तरी तीच ऐकायची. भाऊ, मी कधी काही मागितलं नाही. तुम्ही हे वाचलंत एवढं मला कळू द्या. पत्र नको, घरात सगळे वाचतील. वरची शेवटची ओळ मी अशी लिहिली आहे की ती नसली तरी चालेल. ती काढा. एकवीस ओळी आल्या की मी समजेन.”

आणि पुढच्या आठवड्यात, पान एकशे तेरा : “एकवीस आल्या. पुष्कळ झालं. आता मी जेवतो.”

शनिवारी सकाळी बऱ्हाटे ऑफिसच्या फायलींच्या खोलीत गेले. १९८७ची पहिली तिमाही काढली, धूळ झटकली, गुरुवारचा अंक उघडला. ओळी बोटाने मोजल्या. एकवीस. खाली, कॉलमच्या तळाला, जळगावच्या एका कापड दुकानाची साड्यांच्या सेलची जाहिरात होती. जाहिरातीचा ठोकळा नेहमीपेक्षा थोडा उंच होता. तेवढ्यासाठी एक ओळ गेली होती. ती आपण काढली की छगन फोरमनने, हेही त्यांना आठवेना.

फाईल मिटून ते स्टुलावर बसले. आठ ओळींत वाईट लिहिणे त्यांना जमले असते, चांगले लिहिणेही जमले असते. पण प्रश्न आता पुस्तकाचा राहिला नव्हता. एक माणूस अकरा वर्षे अशा समजुतीत जगला होता की कुणीतरी आपल्याला वाचते आहे. ती समजूत खोटी आहे हे जगात एकट्या बऱ्हाट्यांना ठाऊक होते. गप्प राहिले असते तर ती त्यांच्याबरोबर संपली असती. पण चिठ्ठीत लिहिले होते, खरं लिहा.

सोमवारी त्यांनी रजा टाकली. तीस वर्षांत सोमवारची रजा त्यांनी घेतली नव्हती. संपादकांनी कोण गेलं म्हणून विचारले. एरंडोलवरून भडगावला जाणाऱ्या गाडीत खिडकीशी बसून त्यांनी काय बोलायचे ते चार वाक्यांत पक्के केले, बातमी करावी तसे. सर्वांत महत्त्वाचे आधी.

पुना महाजन घरी नव्हते. शेजारच्या बाईंनी सांगितले, रिटायर होऊन वर्ष झालं तरी आबा पाटावरच असतात. बऱ्हाटे चालत गेले. चारीच्या दरवाजापाशी, लिंबाच्या सावलीत, खाकी शर्टातला एक वाळकासा माणूस बसला होता. त्याने डोळ्यांवर हात धरून पाहिले आणि उठून उभा राहिला. नाव सांगावे लागले नाही.

“बठ्ठं वाचं ना, भाऊ?” पुना महाजनांनी विचारले, आणि मग शहरातल्या पाहुण्यासाठी भाषा बदलून म्हणाले, “सगळं वाचलंत ना? बसा. दुसऱ्यांदा वाचायला लावलं तुम्हाला.”

“पहिल्यांदाच वाचलं, आबा,” बऱ्हाटे म्हणाले.

मग त्यांनी ती चार वाक्ये सांगितली. चौदा ओळी कशा मोजत, रेघ कुठे मारत, रेघेखाली नजर का जात नसे, आणि ते कार्ड का पाठवले होते. सबब एकही सांगितली नाही. पुना महाजन ऐकत होते. दरवाजाच्या फटीतून पाण्याची बारीक धार येत होती. तिच्याकडे पाहत ते ऐकत होते. मग त्यांनी एवढेच विचारले, “आणि ते एकवीस ओळींचं?”

बऱ्हाट्यांनी त्या माणसाच्या चेहऱ्याकडे पाहिले. गाडीत पक्के केलेले पाचवे वाक्य त्यांच्याजवळ नव्हते.

“ते वाचलं होतं,” ते म्हणाले.

“ते वाचलं होतं.” पुना महाजनांनी मान हलवली. मग ती हलायची थांबली. “म्हणजे माझी बायको गेली, हे तुम्हाला कळलं होतं.”

“हो.”

“आणि त्याच्या पुढच्या गुरुवारचं नाही वाचलं?”

बऱ्हाट्यांनी पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

“त्याच्या पुढच्या सहा वर्षांचंही नाही वाचलं. बाई गेली हे वाचलं, आणि मग पुढच्या कागदावर पुन्हा चौदा मोजून रेघ मारली.” आवाज चढलेला नव्हता. पाळीचा हिशेब मांडावा तसा तो माणूस ते समोर मांडत होता. “असं कसं केलंत, भाऊ?”

दुसऱ्यांच्या बातमीतली फट बऱ्हाट्यांनी जन्मभर अशीच बोट घालून दाखवली होती.

“नाही वाचलं,” ते म्हणाले. “तेही नाही वाचलं. खाली जाहिरात होती, ठोकळा उंच आला. त्यासाठी ओळ गेली. शनिवारी फाईल काढून बघितलं.”

“कसली जाहिरात?”

“साड्यांच्या सेलची.”

पुना महाजन उठले. दरवाजाच्या चाकाला हात लावून आले, विनाकारणच. चाक बंदच होते. परत येऊन बसले तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होते, पण चेहरा मोकळा झाला होता.

“हे परवडलं,” ते म्हणाले. “न वाचणारा माणूस मला समजतो. माझा पोरगा वाचत नाही, सून वाचत नाही. त्यांना काय धरायचं? पण वाचून गप्प राहणारा...” त्यांनी वाक्य सोडून दिले. कळशीतून तांब्याभर पाणी काढून पुढे केले. बऱ्हाट्यांनी ते संपवले.

मग पुना महाजनांनी विचारले, की बरं, पुस्तकाचं काय. बऱ्हाट्यांनी सांगितले, वाचण्याजोगे आहे. त्यावर ते हसले, तोंडावर हात ठेवून, खोकल्यासारखे.

“पाच मिनिटांत तुम्ही मला दोन गोष्टी सांगितल्या, एक खोटी, एक खरी. आता ही तिसरी. ही कोणत्या खात्यात टाकू?”

“खरी आहे.”

“असंल. पण चांगलं तर कोणीही म्हणतं. शेजारीण म्हणते, आणि तिला अक्षर येत नाही. वाईट काय आहे ते सांगा. वाईट सांगायला वाचावं लागतं.”

हे काम बऱ्हाट्यांचे होते. त्यांनी पिशवीतून पुस्तक काढले, पण उघडावे लागले नाही. ते म्हणाले, की पाळीच्या भांडणांची चाळीसेक टिपणे काढायला हवी होती, नावे बदलली की सगळी एकच आहेत. मुंगसावर तीन आहेत, त्यांतले मधले ठेवायचे. १९८५चा उन्हाळा लांबला आहे. पोराविषयी तुम्ही दरवेळी अर्धेच लिहिता, त्याने वाचावे म्हणून लिहिता आणि त्याने वाचू नये म्हणून थांबता. त्यामुळे ते ना धड त्याचे झाले, ना वाचणाऱ्याचे. पुना महाजन एकेका गोष्टीला “हं” म्हणत होते. मुंगसाच्या वेळी मात्र त्यांनी हरकत घेतली : तिसरे मुंगूस वेगळे होते.

“आणि पान एकशे सत्त्याण्णव,” बऱ्हाटे म्हणाले. “जून नव्वद. रेघेखाली तुम्ही लिहिलंय, आता भागाबाईची आठवण येत नाही. ते खोटं आहे.”

“कशावरून?”

“त्याच टिपणात रेघेच्या वर पाटावर धुणं धुणारी एक बाई आहे. पहूरकडची, पाहुणी आलेली. ती लुगडं डाव्या हाताने कसं पिळते, यावर तुम्ही चार ओळी घातल्यात. भागाबाई डावखुऱ्या होत्या, ते एक्केचाळीसाव्या पानावर आहे. ज्याला आठवण येत नाही तो कुणाचे हात बघत बसत नाही.”

पलीकडच्या बांधावरून एक बैलगाडी गेली, गाडीवानाने हाक मारली, “काय आबा, पाव्हना का?” पुना महाजनांनी नुसता हात वर केला.

“खोटंच होतं ते,” शेवटी ते म्हणाले. “तुम्हाला बरं वाटावं म्हणून लिहिलं. तीन वर्षं झाली होती. एकाच माणसाला किती दिवस रडगाणं ऐकवायचं? वाटलं, बिचारा कंटाळला असंल.”

बऱ्हाट्यांनी पुस्तक पिशवीत ठेवले.

पुना महाजनांनी विचारले, पेपरात काय लिहिणार. बऱ्हाट्यांनी सांगितले, की जे आत्ता बोललो ते, दोष धरून. पुस्तक वाचण्याजोगे आहे, अर्धे कमी केले असते तर अधिक झाले असते, आणि प्रस्तुत परीक्षकाने ते वेळेवर वाचले नाही. एवढेच. पुना महाजनांनी विचार करून सांगितले, लिहा. फक्त त्या धुणे धुणाऱ्या बाईचे नको. ते पेपरात यायचे नाही.

“नाही येणार,” बऱ्हाटे म्हणाले.

ऊन कलले होते. साडेचारच्या गाडीला अर्धा तास होता आणि स्टँड वीस मिनिटांवर. बऱ्हाटे उठले, धोतराला लागलेली माती झटकली. त्यांना वाटले, ज्या कामाला आलो ते झाले. पुना महाजन मात्र उठले नाहीत.

“तुम्हाला बहीण आहे का?” त्यांनी विचारले. “मी दोनदा विचारलं होतं.”

“आहे. सुनंदा. बांबरुडला दिली.”

“जाणं-येणं आहे?”

तारीख तपासल्याशिवाय बऱ्हाटे कधी बोलत नसत. त्यांनी मनातल्या मनात मागे जाऊन पाहिले. मेव्हण्याचे ऑपरेशन, त्याच्या आधी भाचीचे लग्न. लग्नाला ते गेले होते. अक्षता पडल्या आणि अंकासाठी परतले होते.

“शहाऐंशीच्या मे महिन्यापासून नाही,” ते म्हणाले.

“भांडण?”

“नाही. भांडण कसलं? राहून गेलं.”

पुना महाजनांनी लिंबाखालची जागा हाताने साफ केली. म्हणाले, ही गाडी जाऊ द्या, साडेपाचला आणखी एक आहे. बऱ्हाटे उभेच होते. मग बसले. आपल्याविषयी सलग चार वाक्ये त्यांनी कधी कुणाला सांगितली नव्हती, आणि कोणते महत्त्वाचे, कोणते बारीक, हे या बाबतीत त्यांना ठरवता येईना. ते नुसतेच पाण्याच्या धारेकडे पाहत राहिले.

पुना महाजनांनी थोडी वाट पाहिली. मग विचारले, “मोठी की धाकटी?”